फरशीखालची गळती : शोध व दुरुस्ती

आपल्या मन्नाएखेळ्ळीत, तसेच हुमनाबाद, चिटगुप्पा, चिंचोळी या बाजूच्या गावांतही व्यापाऱ्याचे घर, दुकान व वखार ही बहुधा एकाच जोत्यावर उभी असतात. पूर्वी या जोत्याखाली पाणी नव्हते. ते आडावरून घागरीने येई, हौदात साठे आणि मोरीतून उघड्या गटारात जाई. पुढे बोअरवर मोटार बसली, गच्चीवर टाकी आली, न्हाणीघर घराच्या आत आले, आणि या सर्वांस जोडणारे नळ फरशीच्या खालून गेले. दिसावयास हे नीटनेटके आहे; परंतु तेथे बिघाड झाला तर तो डोळ्यांस दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. प्रस्तुत लेखक अभियंता नव्हे, धान्याचा व्यापारी आहे. तथापि तोलल्यावाचून भाव बोलू नये ही जी आपली सवय, तीच या कामीही उपयोगी पडते, असे माझ्या पाहण्यात आले असल्यामुळे हे चार शब्द सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम फरशीच्या खाली काय असते ते पाहू. जोत्याच्या भिंतींच्या आत मुरूम भरून तो धुमसाने ठोकतात, त्यावर दगडांचा थर देतात, त्यावर चार-पाच इंच काँक्रीटचा कोबा करतात, आणि सर्वांत वर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी बसवितात. नळ यांपैकी मुरमात तरी असतो, नाहीतर कोब्याच्या पोटात. जुना नळ लोखंडी व वर जस्ताचा मुलामा दिलेला. या नळाचे आटे पाडताना तेथील जस्त निघून जाते, म्हणून गंज प्रथम जोडावर चढतो. नळाचा काही भाग काँक्रीटमध्ये व काही मातीत असेल, तर मातीतला भाग अधिक लवकर खातो. नवा नळ प्लास्टिकचा असतो. त्यास गंज नाही, परंतु चिकटद्रव नीट न लावलेला जोड, नळाखाली राहिलेला टोकदार दगड, अथवा भरावाचे खचणे एवढ्याने तो सुटतो किंवा चिरतो.

पाणी गळते तेथेच वर येते असे मात्र समजू नये. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे आणि खाली उतरले की काळी जमीन लागते. जांभ्यात व मुरमात पाणी सहज झिरपून जाते. गळती वर्षभर चालू असूनही फरशी कोरडी राहू शकते. काळी माती याच्या उलट. ती ओल धरते व फुगते, वाळली की आक्रसते. गळतीचे पाणी एकाच कोपऱ्यात मुरत राहिले, तर तेवढाच कोपरा उचलला जातो व दारे-खिडक्यांच्या कोनांतून तिरप्या भेगा पडतात. लोक अशा भेगांत सिमेंट भरतात, रंग देतात, आणि पुढल्या वर्षी पुनः भरतात. त्या भेगांचे कारण भिंतीत नसून जोत्याखाली असते.

धान्याची गोष्ट आपणांस सांगावयास नकोच. तूर, हरभरा, मूग यांतील ओलावा शेकडा १२ च्या आत असला तर माल टिकतो. वखारीच्या फरशीतून चढणारी ओल थप्पीचा खालचा थर प्रथम धरते, आणि तो थर सर्वांत शेवटी उचलला जातो. माझ्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत तुरीची खालची पोती कुबट लागली, काहींना बुरशी आली. पहिला संशय पत्र्यांवर गेला, मग पावसावर, मग हमालांनी भिजलेले बारदान वापरले असेल यावर. गवंड्याने ओल दिसत होती तेथे, मग तिच्या डावीकडे, मग उजवीकडे अशी तीन ठिकाणी फरशी फोडली. काहीच सापडले नाही. अखेर टाकीचे पाणी मोजून पाहिले तेव्हा गळती आहे एवढे ठरले, आणि एकेक व्हॉल्व्ह बंद करीत गेल्यावर ती मधल्या उंबरठ्याखालच्या कोपराच्या जोडात निघाली. ओल दिसत होती तेथून ती जागा पंधरा फूट दूर होती. पाणी कोब्याखालून उताराने सरकत गेले होते. फोडलेल्या तीन जागांची मजुरी गळतीच्या दुरुस्तीहून अधिक झाली.

आणखी एक हानी आहे, ती पैशात मोजता येत नाही. गावच्या नळाला पाणी तास-दोन तास येते व बंद होते. पाणी असते तोवर नळात दाब असतो आणि भोकातून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की नळ रिता होतो व आत ओढ निर्माण होते. तेव्हा त्याच भोकातून भोवतालचे पाणी आत शिरते. जवळून मोरीचा अथवा संडासाचा नळ जात असेल, तर ते पाणी कसले असेल हे सांगावयास नको. हुबळी-धारवाड, बेळगाव व तेव्हाचे गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत २००८ साली चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडातील पाण्याची तपासणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खंड पडणाऱ्या नळाच्या पाण्यात दूषितपणा अधिक आढळला. आपल्या घरांत पाणी गाळल्यावाचून वापरीत नाहीत. परंतु दुहेरी कापडाने गाळले तरी विषमज्वराचे व काविळीचे जंतू त्यातून पार जातात. गळतीचा संशय येताच, ती निघेपर्यंत पाणी उकळूनच प्यावे.

आता शोधाचा विधी. पहिली कसोटी टाकीची. तिला एक पैसा लागत नाही. रात्री नऊ वाजता सर्व तोट्या व मोटार बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. त्या रात्री कोणी पाणी वापरू नये. सकाळी सात वाजता पुनः पाहावे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरले तर १० लिटर गेले. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत सुमारे ८ लिटर. समजा त्या चौरस टाकीत दहा तासांत दोन सेंटिमीटर उतरले. मग दिवसाचे ४८ लिटर आणि वर्षाचे साडेसतरा हजार लिटर पाणी आपल्या जोत्यात मुरत आहे. मिनिटास एक लिटर अशी गळती असेल तर दिवसास १४४० लिटर. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्यातील पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. मिनिटाला एक लिटर गळणारा जोड तेवढे पाणी ३४७ दिवसांत घालवितो. नगरपंचायतीचे मीटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्या नळापुरते मीटरचा काटा पाहून हेच करावे.

पातळी उतरली म्हणून लगेच फरशीवर घाव घालू नये. शौचालयाची फ्लशची टाकी आतल्या आत गळत असते, तिचा आवाजही येत नाही. तिच्यात थोडा रंग टाकून अर्धा तास पाहावे. भांड्यात रंग उतरला तर चोर तेथेच सापडला. त्यानंतर प्रत्येक मार्गाचा व्हॉल्व्ह एकेक रात्र बंद ठेवून पातळी पाहावी. ज्याचा व्हॉल्व्ह बंद असता पाणी उतरत नाही, तो मार्ग दोषी. व्हॉल्व्ह नसतील तर या निमित्ताने बसवून घ्यावेत.

पातळी मुळीच उतरली नाही आणि फरशी तरीही ओली आहे, असे असेल तर दोष सांडपाण्याच्या नळात तरी असेल, किंवा ती गळतीच नसेल. सांडपाण्याचा नळ वापरतेवेळीच गळतो. बाहेरच्या चेंबरमध्ये त्याचे तोंड बुचाने बंद करून न्हाणीच्या जाळीपर्यंत पाणी भरावे व तासभर पातळी पाहावी. उतरल्यास गळती सिद्ध. आणि पावसाळ्यात शहाबादी फरशीला जो घाम सुटतो त्याला गळती समजून पुष्कळ लोक घाबरतात. यासाठी हातभर प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व एक दिवस-रात्र ठेवावा. पाणी कागदाच्या वर साचले तर तो हवेतला दमटपणा. कागदाच्या खाली साचले तर ओल जमिनीतून येत आहे. सर्व भिंतींच्या पायथ्याशी सारख्या उंचीवर लोणा धरला असेल तर ती जमिनीची चढती ओल समजावी, एका नळाचा तो दोष नव्हे.

मार्ग ठरला की जागा शोधावयाची. रस्त्यावरील वाहतूक थांबल्यावर, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास, लोखंडी सळईचे एक टोक नळावर अगर फरशीवर व दुसरे कानाजवळ धरावे. दाबाच्या नळातील गळतीची सूं अशी बारीक व अखंड धार ऐकू येते; जसजसे जवळ जावे तसतसा आवाज वाढतो. फरशीवर नाण्याने ठोकले असता पोकळ वाजली तर खालचा भराव वाहून गेला असण्याचा संभव आहे. गरम पाण्याचा नळ असल्यास अनवाणी चालून पाहावे, गळतीच्या जागी फरशी कोमट लागते. मोठ्या शहरांतून आता यासाठी यंत्रे घेऊन येणारे कारागीर मिळतात. कोणी ध्वनियंत्राने ऐकतो, कोणी उष्णता दाखविणारा कॅमेरा फिरवितो, तर कोणी नळातील पाणी काढून त्यात नायट्रोजनचे ९५ व हायड्रोजनचे ५ भाग असा पेट न घेणारा वायू भरतो. हायड्रोजन अत्यंत हलका असल्यामुळे कोब्यातून वर येतो व नाकासारखे काम करणारे यंत्र त्याची जागा दाखविते. मोठी वास्तू असेल व फरशी महागाची असेल तर हा खर्च वाया जात नाही. साध्या घरास सळई पुरे. मात्र साध्या हवेचा दाब प्लास्टिकच्या नळात कोणी भरू लागला तर त्यास थांबवावे. नळ फुटून तुकडे उडतात.

दुरुस्तीच्या वेळी प्रथम त्या भागाची वीज बंद करावी. जुन्या घरांतून अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळास बांधलेली आढळते; तो नळ कापला की अर्थिंग तुटते, म्हणून वायरमनकडून वेगळे अर्थिंग आधी करून घ्यावे. फरशी सांध्यातून कापून अखंड उचलावी. खराब तुकडा पुरता कापून नवा घालावा. नळावर लांबी थापून अथवा रबर गुंडाळून कोबा बुजविणे म्हणजे तीच गळती पुढल्या वर्षासाठी राखून ठेवणे होय. बुजविण्यापूर्वी नळ भरून, हवा काढून, हातपंपाने दाब देऊन अर्धा तास काटा स्थिर राहतो का ते स्वतः उभे राहून पाहावे. गच्चीवरील टाकीतील पाणी फरशीहून सहा मीटर उंच असेल तर नळावर रोजचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोच असतो, म्हणून जुन्या नळाला वाजवीपेक्षा फार दाब देऊन दुसरा जोड फोडून घेऊ नये. प्लास्टिकचा जोड असेल तर तो एक दिवस वाळू द्यावा. नळाभोवती वाळू, वर मुरूम अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनी ठोकून भरावा; निघालेली काळी माती परत घालू नये. वर १:२:४ चे काँक्रीट करून ते सात दिवस ओले ठेवावे. पिण्याच्या पाण्याचा मार्ग असेल तर १००० लिटरला सुमारे २०० ग्रॅम ताज्या ब्लीचिंग पावडरीची निवळी टाकीत घालून ते पाणी नळात रात्रभर ठेवावे व सकाळी वास जाईपर्यंत सोडून द्यावे. ते पाणी पिऊ नये.

ही झाली एका भोकाची दुरुस्ती. लोखंडी नळ पंचवीस-तीस वर्षांचा झाला असेल व दुसऱ्यांदा गळला असेल, तर माझे मत असे की त्याच्यामागे लागूच नये. त्याची दोन्ही तोंडे बंद करून तो जमिनीत तसाच राहू द्यावा आणि नवा नळ भिंतीवरून, माळ्याखालून, डोळ्यांसमोरून न्यावा. घरातील मंडळी म्हणतील की भिंतीवर नळ शोभत नाही. शोभत नाही हे खरे, परंतु गळला तर दिसतो. अमेरिकेत टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा या भागांत असंख्य घरे थेट काँक्रीटच्या पाट्यावर बांधलेली व तांब्याचे नळ त्याखाली, अशी आहेत. तेथेही गळती वारंवार होऊ लागली म्हणजे पाटा फोडण्याऐवजी नळ छतातून फिरवून आणतात.

जमिनीखालून पाणी नेणारे पूर्वीचे लोक या बाबतीत आपल्याहून शहाणे होते. बीदरजवळ नौबाद येथील बहामनी काळचा करेज जांभ्याच्या पोटातून पाणी नेतो, पण त्यावर अंतरा-अंतरावर उभी विवरे आहेत. हवा जाते, माणूस उतरतो, गाळ निघतो. विजापुरास मातीचे नळ होते, आणि त्यांवरचा दाब कमी व्हावा व गाळ बसावा म्हणून वाटेत गंज नावाचे मनोरे उभारले होते. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून पाणी आणले, त्या मार्गावरही उच्छ्वास बांधलेले आहेत. पाहण्याची जागा ठेवल्यावाचून त्यांनी पाणी पुरले नाही. आपण मात्र कोबा करून वर फरशी घालतो, आणि नळ कोठून गेला हे गवंडी गेल्यावर कोणासच ठाऊक नसते.

म्हणून नवे बांधकाम करणाऱ्या बंधूंनी प्रत्येक मार्गास वेगळा व्हॉल्व्ह व हात घालता येईल अशी झाकणाची कुंडी ठेवावी; भिंत किंवा कोबा ओलांडताना नळ मोठ्या नळाच्या कवचातून न्यावा; आणि वखारीच्या फरशीखालून पाण्याचा कोणताही नळ नेऊ नये. थप्पी लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दोन हात दूर असावी, म्हणजे फरशीची ओल पोत्याच्या आधी दिसते. कोबा घालण्यापूर्वी नळांची छायाचित्रे काढावीत, आणि दोन भिंतींपासूनची अंतरे फुटांत लिहून एक साधा नकाशा करावा. त्याची एक प्रत घराच्या कागदपत्रांत व एक विजेच्या मीटरच्या पेटीत ठेवावी.