असत्याचा सार्वजनिक हिशेब

खोटे बोलणे हा सामान्यतः नीतिशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु मजुरी, कर्ज, अनुदान असा विकासाचा प्रत्येक व्यवहार विश्वासावर चालतो. त्यामुळे कोणत्या असत्याने कोणाची हानी होते, हा प्रश्न अर्थशास्त्रालाही टाळता येत नाही.

नीतीची कसोटी

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मधील निबंधात, मित्राचे प्राण वाचविण्यासाठीही खोटे बोलण्याचा हक्क पोहोचत नाही, अशी भूमिका घेतली. लोकव्यवहार इतका कठोर नाही. मरणासन्न आप्ताला धीर देणारे असत्य समाज क्षम्य मानतो. सिसेला बोक यांनी ‘लाइंग’ (१९७८) या ग्रंथात अधिक व्यवहार्य कसोटी मांडली : आपल्या असत्याचे समर्थन विवेकी लोकांसमोर उघडपणे करता येईल काय?

खाजगी असत्यात फसवला गेलेला माणूस समोर असतो. तो जाब विचारू शकतो, क्षमाही करू शकतो. सार्वजनिक असत्याचे बळी मात्र विखुरलेले असतात आणि आपण फसवले गेलो, हे त्यांना अनेकदा कळतही नाही. म्हणूनच ते अधिक गंभीर ठरते.

हजेरीपटावरील असत्य

रोजगार हमी योजनेमुळे महाराष्ट्राला परिचित असलेला हजेरीपट याचे बोलके उदाहरण आहे. राजस्थानात दुष्काळी कामांवरील मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळे आणि ‘नोंदीनुसार काम कमी झाले’ असे कारण सांगितले जाई. नोंदी दाखवा म्हटले, की त्या गोपनीय ठरत. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपट व देयके गावासमोर वाचली गेली, तेव्हा कामावर नसलेल्यांची नावेही उजेडात आली. कागदावरचे असत्य ओळखू शकणारे साक्षीदार गावातच होते. त्यांच्यापर्यंत कागद पोहोचला नव्हता, एवढेच.

येथे खाजगी आणि सार्वजनिक असत्य एकमेकांत मिसळते. शेजाऱ्याचे खोटे नाव दिसूनही ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून गप्प राहणारा, किंवा थोड्या पैशांसाठी कोऱ्या कागदावर अंगठा उठविणारा, यांच्यावाचून खोटा हजेरीपट पुरा होत नाही. अर्थात, गरजेपोटी उठलेला अंगठा आणि अधिकाराच्या बळावर केलेली नोंद यांची जबाबदारी सारखी नव्हे. ज्याच्या हाती नोंदवही, त्याचे उत्तरदायित्व मोठे.

उघडेपणाचा उपाय

ब्यावर येथील १९९६ च्या दीर्घ धरण्याने माहितीच्या हक्काची मागणी बुलंद केली. २००५ मध्ये माहितीचा अधिकार अधिनियम संमत झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने कलम १७ अन्वये सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी ग्रामसभेवर सोपविली. बोक यांची कसोटी जणू कायद्याच्या भाषेत उतरली.

तरीही कायदा केवळ कागद उघडा करतो. तो वाचून ‘हे खरे नाही’ असे म्हणण्यासाठी माणूस उभा राहावा लागतो आणि त्याला संरक्षणही लागते. योजना बदलतील, नोंदी संगणकावर जातील. पण मजुराच्या घामाची नोंद खरी असावी, ही अपेक्षा बदलणार नाही. ती पूर्ण करणे ही शासनाइतकीच ग्रामसभेचीही जबाबदारी आहे.