कुंपणाच्या खांबाचा पाया

बागेभोवतीचे लाकडी कुंपण वादळात आडवे झाले की दोष वाऱ्याला दिला जातो. परंतु मोडलेला खांब उपटून पाहिल्यास तो बहुधा जमिनीलगतच कुजलेला आढळतो. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा या दोहोंची गरज असते. खोल जमिनीत हवा कमी असते, तर उघड्यावरील भाग पावसानंतर लवकर वाळतो. जमिनीलगतच्या वीतभर भागात मात्र बुरशीला दोन्ही मिळत राहतात. कुंपणाचे आयुष्य या वीतभर भागावर अवलंबून असते.

म्हणून प्रथम लाकडाची निवड नीट केली पाहिजे. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत लाकडाचे नमुने अर्धे जमिनीत पुरून त्यांचा टिकाऊपणा तपासण्यात आला आहे. अशा परीक्षेत सरासरी १२० महिने किंवा अधिक काळ टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, तर ६० महिन्यांहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात धरतात. साग आणि साल यांच्या गाभ्याचे लाकूड पहिल्या वर्गातील आहे. आंबा व सावर तिसऱ्या वर्गात मोडतात. गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड मात्र सागाचे असले तरी लवकर कुजते. पुरावयाचा भाग पूर्ण वाळवून लाकूडरक्षक द्रव्यात बुडवून ठेवावा. कुंचल्याने दिलेला हात वरवरच राहतो.

यानंतर पायाचा विचार येतो. खांबाचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत असावा. १२० सेंटिमीटर उंचीच्या कुंपणासाठी १८० सेंटिमीटरचा खांब घ्यावा व ७५ सेंटिमीटर खोल खड्डा खणावा. तळाशी १५ सेंटिमीटर खडी पसरून तीवर खांब उभा करावा. ओळंबा लावून तो सरळ आहे याची खात्री करून घ्यावी. निचऱ्याच्या जमिनीत भोवती मुरूम थराथराने भरून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खणलेली तीच माती परत भरल्यास खांब सैल होतो. तेथे मुरूम बाहेरून आणावा.

भुसभुशीत जमिनीत काँक्रीट आवश्यक ठरते. ते खांबाच्या बुडाखाली मात्र घालू नये; तसे केल्यास वाटीत पाणी साचावे तसे ते बुडाशी साचते. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा किंचित उंच ठेवून त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. खांबाला घट्ट धरणे आणि पाणी त्याच्यापासून दूर नेणे ही पायाची दोन कामे होत. यांपैकी दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास पहिलेही फार काळ साधत नाही.