मैदानावर मांडलेली सूर्यमाला

भूगोलाच्या पुस्तकातील सूर्यमालेचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. डाव्या कडेला पिवळ्या सूर्याचा एक तुकडा, आणि त्याच्या उजवीकडे माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने बसविलेले आठ ग्रह. चित्र सुबक असते व त्यावरून ग्रहांचा क्रम चटकन पाठ होतो. परंतु सूर्यमाला खरोखर केवढी आहे, हे ते चित्र सांगत नाही; किंबहुना त्याविषयी चुकीचीच समजूत करून देते. यात चित्रकाराचा दोष नाही. पृथ्वी अवघ्या एक मिलिमीटरच्या ठिपक्याएवढी काढावयाची ठरविली, तरी त्याच प्रमाणात सूर्य तिच्यापासून जवळजवळ १२ मीटर दूर काढावा लागेल, आणि नेपच्यून सूर्यापासून ३५० मीटरांच्याही पलीकडे जाईल. एवढे लांब पान कोणता छापखाना छापणार?

तेव्हा सूर्यमालेचे खरे चित्र काढावयाचे असेल, तर पुस्तक मिटून मैदानावर गेले पाहिजे. ‘सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण मिळतात; पण १५ कोटी आणि १५ लाख यांतील अंतर मनाला जाणवत नाही. तोंडाने म्हटलेली संख्या विसरते. पायांनी चाललेली संख्या सहसा विसरत नाही.

प्रमाण कोणते घ्यावे?

नकाशाला जसे प्रमाण असते, तसेच आपल्या नमुन्यालाही हवे. आपण १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर असे प्रमाण धरू. म्हणजे प्रत्येक वस्तू व प्रत्येक अंतर एक हजार कोटी पटींनी लहान होईल. हे प्रमाण हिशेबाला फार सोयीचे आहे. ग्रहाचे अंतर जितके कोटी किलोमीटर, तितके मीटर मोजावयाचे की झाले.

या प्रमाणात १३ लाख ९० हजार किलोमीटर व्यासाचा सूर्य सुमारे १४ सेंटिमीटरांचा होतो, म्हणजे एका चांगल्या पपनसाएवढा. पपनसाचा हंगाम नसेल तर कागदाचा व मातीचा गोळा करावा. दोऱ्याने त्याचा घेर मोजावा. तो ४४ सेंटिमीटर भरला की सूर्य तयार झाला.

ग्रहांसाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. आईच्या स्वयंपाकघरात सर्व साहित्य मिळेल. पुढील कोष्टक वहीत उतरून घ्यावे.

बुध : रव्याचा कण (अर्धा मि.मी.), अंतर ५.८ मीटर
शुक्र : मोहरी (१.२ मि.मी.), अंतर १०.८ मीटर
पृथ्वी : मोहरी (१.३ मि.मी.), अंतर १५ मीटर
मंगळ : खसखशीचा बारीक दाणा (०.७ मि.मी.), अंतर २२.८ मीटर
गुरू : लहान गोटी (१४ मि.मी.), अंतर ७८ मीटर
शनी : भिजवलेला काबुली हरभरा (१२ मि.मी.), अंतर १४३ मीटर
युरेनस : मिरीचा दाणा (५ मि.मी.), अंतर २८७ मीटर
नेपच्यून : मिरीचा दाणा (५ मि.मी.), अंतर ४५० मीटर

शनीभोवती पावणेतीन सेंटिमीटर व्यासाची कागदी चकती बसविली की त्याची कडी झाली. प्रत्येक ग्रह पांढऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवावा, खाली ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि तो पुठ्ठा काठीला बांधावा. नाहीतर बुध वाऱ्याने उडून जाईल आणि मंगळ मुंग्या नेतील!

ग्रह रोवावयास निघू या

मोजण्यापूर्वी आपले पाऊल मोजावे. फितीने ३० मीटर अंतर आखून त्यावरून नेहमीच्या चालीने चालावे व पावले मोजावीत. ५० पावले झाली, तर एक पाऊल ६० सेंटिमीटरांचे. मग पृथ्वी सूर्यापासून २५ पावलांवर येईल.

सूर्य क्रिकेटच्या खेळपट्टीच्या एका टोकाला, यष्ट्यांपाशी ठेवावा. बुध, शुक्र व पृथ्वी हे तिन्ही ग्रह खेळपट्टीवरच मावतात. मंगळ दुसऱ्या टोकाच्या यष्ट्यांमागे पाच पावलांच्या आत येतो. येथवर मुलांना सारे सोपे वाटते. पुढचा ग्रह कोठे येईल, हे कोष्टक न पाहता प्रत्येकाला विचारावे. पुष्कळजण आणखी पाच-दहा पावले पुढे बोट दाखवतात. परंतु गुरू मंगळाच्या पुढे ५५ मीटरांवर, सीमारेषेच्या आसपास आहे! शनीसाठी बहुतेक शाळांचे मैदान संपते. युरेनस व नेपच्यून रोवण्यासाठी फाटकातून रस्त्यावर जावे लागते. तेथे गुरुजनांना बरोबर घ्यावे. पुस्तकातील चित्रात सारख्या अंतरावर बसलेले ग्रह प्रत्यक्षात असे विखुरलेले आहेत. ते एका ओळीतही नसतात. प्रत्येकजण सूर्याभोवती आपापल्या कक्षेत वेगळ्या जागी असतो; आपण केवळ चालण्याच्या सोयीसाठी ओळ धरली आहे.

नमुना खरा कशावरून?

चौकस विद्यार्थी येथे विचारील, ‘पपनस आणि मोहरी यांवर आम्ही विश्वास का ठेवावा?’ प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाला स्वतः तपासता येते.

पृथ्वीच्या काठीपाशी उभे राहून पपनसाकडे पाहा. मिरीचा एक दाणा चिमटीत धरून हात पूर्ण लांब करा आणि एक डोळा मिटा. त्या इवल्याशा दाण्याआड १५ मीटरांवरील पपनस जवळजवळ झाकले जाते. आता पौर्णिमेच्या रात्री त्याच दाण्याने चंद्र झाकून पाहा; तोही तसाच झाकला जातो. आकाशात सूर्य आणि पूर्ण चंद्र जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात, हे आपण जाणतोच. (सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये, म्हणूनच हा प्रयोग चंद्रावर करावयाचा.) याचा अर्थ असा, की मैदानावरील मोहरीपासून पपनस जेवढे दिसते, तेवढाच खरा सूर्य आपल्या पृथ्वीवरून दिसतो. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात लहान केल्यामुळे कोन बदलत नाही. भूमितीतील समरूप त्रिकोणांचा नियम तो हाच.

हीच कसोटी पुढे लावावी. गुरूपासून पपनस पाचपट लहान दिसते. नेपच्यूनपासून ते तीसपट लहान, म्हणजे तीक्ष्ण नजरेलाही जेमतेम ठिपक्यासारखे दिसते. नेपच्यूनवरून सूर्य असाच दिसेल. त्या दूरच्या ग्रहावर इतकी कडाक्याची थंडी का, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

मुंगीच्या चालीचा प्रकाश

प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो. आपल्या प्रमाणात हा वेग सेकंदाला ३ सेंटिमीटर होतो; मुंगीच्या चालीएवढा! पपनसापासून निघालेल्या या मुंगीला मोहरीपर्यंत पोहोचण्यास ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद लागतील. नेपच्यून गाठावयास तिला चार तासांहून अधिक वेळ लागेल. विश्वातील सर्वांत वेगवान असा जो प्रकाश, त्याची ही गत!

पृथ्वी स्वतः दिवसाकाठी २६ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक सरकते आणि वर्षभरात ९४ मीटरांची प्रदक्षिणा पुरी करते. नेपच्यूनला एका प्रदक्षिणेस सुमारे १६५ वर्षे लागतात. १८४६ साली त्याचा शोध लागला, तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी २०११ साली पूर्ण झाली.

मोहरीपासून चंद्र केवळ ३.८ सेंटिमीटरांवर, म्हणजे सुमारे दोन बोटांच्या रुंदीवर आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तो एवढाच प्रवास करून. भारताचे आदित्य-एल१ हे यान २०२३ साली सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले, तेव्हा ते सूर्यावर गेले असे अनेकांना वाटले. मैदानावर ते मोहरीपासून १५ सेंटिमीटरांवर ठेवावे लागते; पपनस तेथूनही जवळजवळ १५ मीटर दूर राहते. वर्तमानपत्रातील बातमी नीट समजण्यासही प्रमाणाचे ज्ञान लागते, ते असे.

कल्पना जुनीच आहे

युरेनसचा शोध १७८१ साली लावणारे विल्यम हर्शेल यांचे चिरंजीव जॉन हर्शेल हेही मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी सपाट मैदानावर दोन फूट व्यासाचा गोल सूर्य म्हणून ठेवून, मोहरी, वाटाणे व संत्री हे ग्रह मांडण्यास सांगितले होते. आपण घेतलेल्या प्रमाणाचाच एक नमुना अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी २००१ साली कायमचा उभारण्यात आला. तेथे धातूचे व काचेचे खांब आहेत. आपल्यापाशी मोहरी व मिरी आहे. शिकण्यात उणे काही येत नाही.

पुढचा तारा कोठे?

सूर्यमाला मांडून झाली. आता शेजारचे घर शोधू. मे महिन्याच्या रात्री बेळगावाहून दक्षिण क्षितिजाजवळ मित्र नावाचा तेजस्वी तारा दिसतो. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांच्या कुटुंबातला तो आहे. साध्या डोळ्यांना एक दिसणारा हा तारा वस्तुतः जोडतारा आहे. आपल्या प्रमाणात त्यांतील एक पपनस सूर्याहून थोडे मोठे, तर दुसरे थोडे लहान. ही दोन पपनसे सुमारे ४१०० किलोमीटरांवर ठेवावी लागतील. बेळगावपासून हाँगकाँग जवळजवळ तितकेच दूर आहे. मैदानावरील पपनस आणि हाँगकाँगमधील पपनस यांच्यामध्ये ताऱ्यांच्या दृष्टीने बहुतेक सारी पोकळी आहे! आपली मुंगी ती पोकळी ओलांडण्यास चार वर्षे चार महिने घेईल.

एवढ्या पोकळीत नद्या, शेते, पाऊस, आपली शाळा, आपली माणसे आणि आजवरचा सारा इतिहास ज्या ठिकाणी आहे असे आपणांस ठाऊक आहे, ते ठिकाण म्हणजे पुठ्ठ्यावरील ती एक मोहरी. ती बिघडली तर राहावयास जाण्याजोगी दुसरी मोहरी या मैदानात नाही. पलीकडचा शुक्र आकाराने तिच्याएवढाच आहे. परंतु त्याच्या पृष्ठभागावर शिसे वितळेल इतकी उष्णता आहे. मोहरी जपली पाहिजे, हे भाषणातून सांगण्यापेक्षा मैदानावर दाखविलेले बरे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. २००६ पासून बटुग्रह म्हणून गणला जाणारा प्लूटो सूर्यापासून सरासरी ५९० कोटी किलोमीटर दूर आहे. तो आपल्या शाळेपासून कोणत्या जागी येईल?

२. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान २०२५ साली सुमारे २५०० कोटी किलोमीटरांवर होते. शाळेपासून तेवढे अंतर मोजल्यास आपण गावात कोठे पोहोचू?

३. पृथ्वी पपनसाएवढी धरली, तर चंद्र केवढा होईल व किती दूर ठेवावा लागेल? पृथ्वीचा व्यास १२,७४० किलोमीटर, चंद्राचा ३,४७५ किलोमीटर आणि त्यांमधील अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर धरावे.

उत्तरे आधी अंदाजाने लिहावीत, मग गणिताने काढावीत, आणि शेवटी चालून पाहावीत.