मृत्युपत्रात कॉलेजसाठी दान : कायदा आणि श्रद्धा



नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, कबरींवर मेणबत्त्या लावतो. आपल्या मरणानंतर आपल्या घराचे, जमिनीचे, ठेवींचे काय होणार हा विचार मात्र आपण पुढे ढकलत राहतो. संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १२) एक मनुष्य भावाबरोबरच्या वाटणीची तक्रार घेऊन प्रभू येशूकडे येतो. प्रभू त्याचा न्यायनिवाडा करीत नाही. कोठारे वाढवण्याच्या बेतात असतानाच मरण आलेल्या धनवानाचा दाखला सांगतो. जमवलेले कोणाचे होणार, हे त्या धनवानाने ठरवलेच नव्हते.

आपली मुले ज्या कॉलेजात शिकली, त्या कॉलेजातील गरीब विद्यार्थ्यांसाठी मृत्युपत्रात काही ठेवता येते का? होय, येते. पण २००३ सालापर्यंत आपल्यासाठी ते इतके सोपे नव्हते.

संशयाचे कलम

भारतीय वारसा कायदा १९२५ मधील कलम ११८ ख्रिस्ती लोकांना अडवत होते. पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचे नातेवाईक असलेल्या व्यक्तीला धार्मिक अथवा धर्मादाय कार्यासाठी मालमत्ता ठेवायची असेल, तर मृत्युपत्र मरणापूर्वी किमान १२ महिने केलेले असावे आणि ६ महिन्यांच्या आत ते कायद्याने ठरवलेल्या ठिकाणी जमा केलेले असावे, अशी अट होती. या अटीचे मूळ इंग्लंडच्या १७३६ सालच्या कायद्यात आहे. मरणाच्या भीतीने माणूस घरच्यांना उपाशी ठेवून सारे दान करून बसेल, अशी धास्ती त्यामागे होती. केरळमधील धर्मगुरू फादर जॉन वल्लामट्टम सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २००३ मध्ये न्यायालयाने हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केले.

कायद्यातला भेदभाव गेला. पण मरणाऱ्याच्या उशाशी बसून कोणी दान लिहून घेतले, हा संशय घराघरांत आजही उठू शकतो आणि तो आम्हा धर्मगुरूंवरही येतो. तो दूर करणे कोर्टाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. म्हणून हे दान निरोगी असताना, शांत मनाने आणि घरच्यांना सांगून करावे. आमच्याशी जरूर बोला. कागद मात्र वकिलाकडून करून घ्या.

आधी घर, मग दान

मृत्युपत्र नसेल तर कायद्याप्रमाणे पती किंवा पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश हिस्सा मिळतो. मुलगा आणि मुलगी समान. कॉलेजच्या वाट्याला त्यात काहीच येत नाही. उलट मृत्युपत्राने आपण स्वतःची सर्व मालमत्ता दान करू शकतो. पण कायदा परवानगी देतो म्हणून सर्व योग्य ठरत नाही. आपल्या घरच्यांची काळजी न घेणाऱ्याला संत पौल कठोर शब्दांत दोष देतो. विधवा पत्नी, अपंग मुलगा, अविवाहित बहीण यांची सोय आधी.

त्यानंतर संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आठवावी : वस्तू बाळगण्याचा हक्क माणसाला आहे, पण त्यांचा वापर करताना गरजवंताला त्यात वाटेकरी मानावे. आपण मालक कमी आणि कारभारी अधिक आहोत. मोठीच रक्कम हवी असे नाही. एका गरजू विद्यार्थ्याची वर्षाची फी भरेल एवढे ठेवले, तरी त्याचे शिक्षण अर्धवट सुटणार नाही.

लिहिताना लक्षात ठेवू या

१. मृत्युपत्रावर स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला ठेवलेले दान रद्द ठरते.

२. 'शिक्षणासाठी काही पैसे' असे मोघम लिहू नये. असे दान कायद्यात टिकत नाही. रक्कम किंवा हिस्सा, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे नोंदणीकृत नाव आणि उद्देश स्पष्ट लिहावा.

३. आपली इच्छा पार पाडणारा विश्वासू व्यवस्थापक नेमावा.

४. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. त्यानंतर लग्न केले, तर जुने मृत्युपत्र रद्द होते.

दान घेणाऱ्यांवरही बंधन आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे (कॅनन १३००) दात्याची इच्छा, पैसा कसा वापरावा यासह, काटेकोरपणे पाळली पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी दिलेला पैसा इमारतीच्या रंगाला वापरता येत नाही.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

• आपल्या मागे कोणाची सोय करणे बाकी आहे?

• आपल्या शिक्षणाला कोणाच्या दानाने हातभार लागला होता?

• मृत्युपत्राबद्दल पती-पत्नी आणि मुले एकत्र बसून कधी बोलली आहेत का?

हयातीत जे देवाचे मानले, ते आपल्या मागे कोणाच्या तरी भाकरीला आणि पुस्तकाला उपयोगी पडो, ही प्रार्थना.