चालान, लायसन्स आणि गाडीचा विमा

दहावी-बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पेढे येतात आणि पेढ्यांबरोबर हमखास एक प्रश्न येतो : मुलाला आता गाडी द्यावी का? त्यावर आम्ही पालकांना उलट विचारतो, घरच्या गाडीच्या विम्याच्या अटी आपण कधी वाचल्या आहेत का? उत्तर बहुधा हसण्यावारी जाते. म्हणून या वेळचा नागरिकशास्त्राचा पाठ याच विषयावर. (चालानला शुद्ध मराठीत काय म्हणावे ते भाषेचे शिक्षक सांगतील, इंदुरात सारे चालानच म्हणतात.)

विद्यार्थ्यांनो, गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा तो थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार तो सक्तीचा आहे. त्याचे मूळ दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २०९४ रुपये होते. चालवणारा सज्जन असो की पलासिया चौकात दहा वेळा सिग्नल तोडलेला, दर तोच! दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. त्यात एक वर्ष क्लेम केला नाही तर २० टक्के, आणि सलग पाच वर्षे केला नाही तर ५० टक्के सूट मिळते. ही सूट जाते ती क्लेममुळे, चालानमुळे नव्हे.

अमेरिकेत तसे नाही. तिथे विमा कंपनी चालकाचा जुना हिशेब पाहते. कॅलिफोर्नियात तीन वर्षांत एकापेक्षा अधिक दोषगुण नसणाऱ्या चालकाला २० टक्के सूट द्यावीच लागते. आपल्याकडेही जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटाने असा मसुदा मांडला होता. दारू पिऊन चालवल्यास १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०, आणि वाढीव हप्ता गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून! म्हणजे दोष चिरंजीवांचा आणि भुर्दंड वडिलांना. आम्हाला यात गैर वाटत नाही. किल्ली तर वडिलांनीच दिलेली असते.

मग चालान भरले की विषय संपला का? नाही, आणि खरा धोका इथेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार हेल्मेट न घालणे किंवा दुचाकीवर तिघे बसणे यासाठी दंडाबरोबरच लायसन्स तीन महिने अपात्र ठरू शकते. लायसन्स एकच असते. स्कूटर आणि कार दोन्हींची नोंद त्यावरच. म्हणजे राजवाड्यापर्यंत बिनहेल्मेटचे गेलेले काका त्या तीन महिन्यांत कार घेऊन निघाले, तर कायद्याच्या नजरेत ते लायसन्सविनाच आहेत. तेव्हा अपघात झाला तर कंपनी गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारू शकते. दारू पिऊन चालवणाऱ्याचेही तेच.

आणि ज्याला धडक बसली त्याचे काय? जानेवारी २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्ग दाखवला : कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी; मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे सिद्ध झाल्यास ती रक्कम त्याच्याकडून वसूल करावी. अशा दाव्यांत रक्कम लाखांत जाते. पगारदार घराला ती कशी पेलणार?

आता मूळ प्रश्न. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची, बिनगियरची दुचाकी चालवता येते, तीही लायसन्स काढूनच. बाजारातल्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या पॉलिसीत ‘चालक’ या शीर्षकाखाली काय लिहिले आहे ते वहीत उतरवून आणावे. सोमवारी वर्गात ते वाचू.