दाण्यावरचे तीन मायक्रॉन

मृगाचा पाऊस पडला, की गोंडपिपरीच्या आसपास पेरणीची घाई सुरू होते. सोयाबीनचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याला बुरशीनाशकाची रंगीत भुकटी लावतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कार्बोक्सिन व थायरम यांच्या मिश्रणाचे प्रमाण किलोला फक्त ३ ग्रॅम. एवढ्याने मूळकूज कशी थांबते? थोडे गणित करू.

सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन सुमारे १२ ग्रॅम भरते; म्हणजे किलोत आठ हजारांवर दाणे. दाणा ६ मिलिमीटर व्यासाचा गोल मानला, तर त्याचे पृष्ठफळ सुमारे १ चौरस सेंटिमीटर येते. भुकटीची घनता पाण्याइतकी धरली, तर ३ ग्रॅमचा या सर्व दाण्यांवरील थर तीन-चार मायक्रॉन जाडीचा होतो. आपला केस याच्या वीसपट जाड असतो!

आता उलट विचार करा. हेक्टरी ७५ किलो बियाण्याला २२५ ग्रॅम औषध लागते. तेच वावरातील वरच्या ५ सेंटिमीटर मातीत मिसळले, तर ५०० घनमीटर मातीत ते विखुरेल. घनमीटरला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. बुरशीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

बुरशी मात्र दाण्यापाशीच येते. ओलावा शोषून फुगणाऱ्या बियांतून साखर व अमिनो आम्ले पाझरतात आणि मातीत सुप्त पडलेले बुरशीचे गोळे त्यामुळे जागे होतात. स्क्लेरोशियमचे गोळे मोहरीसारखे दिसतात, तर मॅक्रोफोमिनाचे कोळशाच्या चुऱ्यासारखे. थायरम दाण्याभोवती राहून त्यांना अडवते. कार्बोक्सिन कोवळ्या रोपात शिरते. हा पहारा रोप सावरेपर्यंतचा. पुढे श्रावणात वावरात पाणी साचले, तर निचऱ्याचा चरच उपयोगी पडतो.

थर सारखा बसावा म्हणून बियाणे ड्रममध्ये हळूहळू फिरवतात. हाताने रगडू नये. सोयाबीनची साल पातळ आणि अंकुर तिच्या लगतच असतो; साल सुटली की उगवण बिघडते. रायझोबियम हे जिवंत जिवाणू असल्याने ते बुरशीनाशकानंतर, पेरणीच्या अगदी आधी लावतात व बियाणे सावलीत सुकवतात.

उरलेल्या बियाण्याचे काय? इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात मिथिल पारा लावलेल्या गव्हाच्या बियाण्याच्या भाकऱ्या लोकांनी खाल्ल्या. धुतल्यावर रंग गेला, विष गेले नाही. रुग्णालयांत ६,५३० जण दाखल झाले, त्यांपैकी ४५९ दगावले. थायरम म्हणजे पारा नव्हे. तरीही ते पोटात जाण्याची वस्तू नाही. असे बियाणे कोंबड्यांना घालू नये, तेलासाठी विकू नये, आणि त्याची पिशवी धान्याला वापरू नये.

वरचे गणित स्वतः पडताळायचे असेल, तर दहा दाणे फूटपट्टीला लावून ओळीत मांडा, लांबीला दहाने भागा, म्हणजे व्यास मिळेल. दाणे मात्र स्वयंपाकघरातल्या डब्यातले घ्या, बियाण्याच्या पिशवीतले नकोत.