आजचा श्लोक : गीता ६.२६ – मन पळालं, आणा परत



सहाव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक. अर्थ सोपा आहे. मन चंचल आहे. ते ज्या ज्या कारणाने बाहेर धावेल, तिथून त्याला आवरून आत्म्याशी आणावं. किती वेळा आणायचं, हे भगवंतांनी सांगितलेलं नाही. मन पळणार, हे इथे धरूनच चाललेलं आहे. मला या श्लोकातलं हेच सगळ्यात आवडतं.

माझं मन सध्या कुठे पळतं ते सांगते. ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपून दोन वर्षं झाली. पुढच्या आठवड्यात परळला टाटामध्ये चेकअप आहे. तारीख जवळ आली की खांदा दुखला तरी वाटतं, हाडात गेला असेल का? खोकला आला की फुफ्फुस आठवतं. संध्याकाळी ऐरोलीहून परतताना खोपटच्या एसटी स्टँडपासून घरापर्यंतच्या पाच मिनिटांत मी मुलीची दहावी, बारावी, सगळं कोण बघेल ते ठरवून टाकते. मुलगी सीनियर केजीत आहे.

घरचे म्हणतात, "काही होणार नाही गं." मायेने म्हणतात. पण ३१ ऑगस्ट २०२५ ला, गौरी आल्या त्या दिवशी, प्रिया मराठे गेली. आपल्या ठाण्याची मुलगी, वय ३८. तिचे चुलत भाऊ सुबोध भावे यांनी लिहिलं होतं, की कॅन्सरशी लढत ती पुन्हा नाटक-मालिकांत कामाला लागली होती, आणि मग ते दुखणं परत उफाळलं. दुसऱ्या दिवशी गौरीपूजनाला आलेल्या बायकांच्या तोंडी तोच विषय होता. मी पुरणपोळ्या वाढत होते. कुणीतरी माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

तेव्हा "होणार नाही" या शब्दावर मी मन टेकवू शकत नाही. गीताही तशी हमी देत नाही, बघा. शरीराबद्दल तर ती फारच रोखठोक आहे.

मग माउली काय म्हणतात? या श्लोकाच्या आसपास ज्ञानेश्वरीत एक फार मोकळी वाट आहे. ते म्हणतात, एक नियम तेवढा जिवापासून आपला करा. तेवढ्याने चित्त थांबलं तर उत्तमच. नाही थांबलं तर सोडून द्या खुशाल! ते जिथे जाईल तिथून तो नियमच त्याला घेऊन येईल, आणि असं होता होता त्याला स्थिर राहायची सवय लागेल. मनाशी कुस्ती खेळायला माउली सांगतच नाहीत. (पुढे चौतिसाव्या श्लोकात अर्जुन म्हणतोच, की मन आवरणं म्हणजे वारा आवरणं. त्यावर भगवंतांचं उत्तर : अभ्यास आणि वैराग्य.)

गंमत म्हणजे, कॅन्सर परत येण्याच्या भीतीवर ऑस्ट्रेलियात एक उपचार तयार झाला, 'कॉन्कर फिअर' नावाचा. २०१७ साली त्याचे निकाल आले. त्यात लक्ष एकीकडून दुसरीकडे मुद्दाम वळवायचा सराव करून घेतात आणि आयुष्यात आपल्याला काय मोलाचं वाटतं त्यावर बोलतात. नुसतं रिलॅक्सेशन शिकवलेल्यांपेक्षा या गटाची भीती जास्त कमी झाली. अभ्यासच म्हणायचा की हा!

आता माझा नियम. ऑफिसात आम्ही सर्व्हरला अलर्ट लावतो. प्रत्येक बारीक गोष्टीला अलर्ट लावला तर रात्रभर फोन वाजतो, आणि वैतागून सगळेच बंद केले तर खरा बिघाड कळत नाही. म्हणून मर्यादा ठरवायची. डॉक्टरांना विचारून मी ती ठरवली : नवीन गाठ लागली, त्वचेत बदल दिसला, श्वास लागला, तर चेकअपची वाट न बघता फोन. साधं दुखणं दोन आठवडे टिकलं किंवा वाढत गेलं, तरी फोन. त्याच्या आतलं असेल तर तारीख वहीत लिहायची आणि मन परत आणायचं. भीतीपोटी दर महिन्याला पेट स्कॅन मागायचा नाही. लवकरच्या टप्प्यातल्या ब्रेस्ट कॅन्सरनंतर, लक्षण नसताना असे स्कॅन आणि मार्कर करायला सांगत नाहीत. त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, हे मात्र चुकवायचं नाही. तुमचा आजार वेगळा असेल तर वेळापत्रकही वेगळं असेल, आपापल्या डॉक्टरांना विचारा.

मन कुठे आणायचं, हा प्रश्न राहतो. आत्म्याशी, असं श्लोक म्हणतो. मला ते एकदम जमत नाही. मी आधी नामाशी आणते, कधी नुसतं श्वासाशी, कधी समोरच्या भाजीशी. काल मेथी निवडताना सात वेळा पळालं. सातही वेळा आणलं. जुडी निवडून व्हायला पाऊण तास लागला, लेक म्हणाली, "आई, किती हळू!"

उद्या सत्ताविसावा श्लोक. राम कृष्ण हरी.